बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) मॉडेल विमानावर व्हिनिल (चिकट प्लास्टिक) लावताना फुगे येतात, काय करू?

उडाणटप्पू:
दीड मीटर पंखांचं ट्रेनर (शिकाऊंसाठीचं मॉडेल) बांधलंय, वर आवरणाची फिल्म. पंखांवर वायुदलाची चक्रं (तिरंगी गोल चिन्हं) हवीत म्हणून नंबरप्लेटवाल्याकडून व्हिनिल कापून आणलं. पहिलंच लावलं आणि मधोमध टम्म पुरी! काढायला गेलो तर खालची फिल्मही सुटायला लागली. उरलेली तीन कशी लावू?

जुना पायलट:
कोरडं लावलंत ना? तिथेच फसलात. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. फिल्म ओली करा, चक्र ठेवा, सरकवत जागेवर आणा. मग जुन्या एटीएम कार्डाला रुमाल गुंडाळून मधून कडेकडे पाणी काढा. रात्रभर वाळू द्या, त्यानंतरच वरचा ट्रान्सफर टेप (चक्र उचलून लावण्यापुरती वरची चिकटपट्टी) अगदी मागे दुमडत सोलायचा. फुगा राहिलाच तर सुईनं टोचा.

थर्माकोल:
ही ओली पद्धत फिल्मवरच हं. उघडं बाल्सा पाणी पितं. वाळवायला हेअर ड्रायर वापरलात तर लांबूनच. माझ्या फोमच्या पंखाचा पापड झालाय. आणि व्हिनिल 'कास्ट' प्रकारचं घ्या. साधारण ५० मायक्रॉनचं, गोलाईवर छान बसतं. 'कॅलेंडर्ड' प्रकारचं स्वस्त, पण जाड. उन्हात आकसतं, कडा उचलतात. शेपटीवर मोठं काही लावलंत तर गुरुत्वमध्य पुन्हा तपासा.

उडाणटप्पू:
बसलं! एकही फुगा नाही. फक्त मुलगी म्हणाली, "बाबा, केशरी बाहेर असतो, हिरवा मध्ये." मी उलटं कापून आणलंय. उद्या पुन्हा नंबरप्लेटवाला.