मदत हवी आहे: नागपुरात स्टँड-अप पॅडलबोर्डिंग कुठून सुरू करू? (वय ४३, वजन ८८ किलो, पोहता येतं)

नमस्कार मंडळी. मे महिन्यात गोव्याला साळ नदीवर तासभर पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायची तरंगती फळी, चालवला. चालवला म्हणजे अकरा वेळा पडलो. बायकोने मोजलं. ती स्वतः दहा मिनिटांत उभी राहून पार पुढे निघून गेली. तेव्हापासून डोक्यात भूत बसलंय की हे नीट शिकायचंच.

ऑनलाइन हवेचे (पंपाने फुगवायचे) बोर्ड बघून राहिलो आहे. साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड. ऑफिसातला एक जण म्हणतो हवेचं ते खेळणं, कडक बोर्डच घे. पण मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, साडेदहा फुटांची फळी जिन्यातून वळवू कशी? जागेचंही तेच. अंबाझरी तलाव घरापासून दहा मिनिटांवर आहे, खिंडसी तलाव गाठायला रामटेकपर्यंत जावं लागतं. आणि मुख्य म्हणजे उभा राहिलो की पाय लटपटायला लागतात, खाली बघितलं की आणखीच. हे वयाने होतं की काही चुकतंय?

प्रतिसाद १
चुकतंय ते खाली बघणं. समोरच्या काठावर एखादं झाड धरा आणि तिकडेच बघा. पाय खांद्याइतके फाकवून, बोर्डाच्या मधोमध असलेल्या उचलायच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना, बोटं पुढे, गुडघे थोडे सैल. पहिली पंधरा मिनिटं उभे राहूच नका, गुडघ्यांवर बसून वल्हवा. उभं राहिल्यावर वल्हं पाण्यात असलं की तोल टिकतो. लोक घाबरून ते हवेत धरतात आणि पडतात. पडायचंच असेल तर बोर्डापासून बाजूला, आडवे पडा. खाली पाणी किती आहे ते ठाऊक नसतं.

बोर्ड हवेचाच घ्या. आत वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी बांधलेला असतो, म्हणून फुगा न होता फळी होते. पण हवा पूर्ण भरा, बहुतेक बोर्डांना १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागते. हातपंप आठ-दहाच्या पुढे जड जातो आणि लोक तिथेच सोडतात. मग तुमच्या वजनाचा माणूस उभा राहिला की बोर्ड मध्ये वाकतो आणि डगमगतो. भरलेला बोर्ड आपल्या उन्हाळ्यात उन्हात कधीच ठेवू नका, हवा तापून फुगते आणि शिवण उकलू शकते.

प्रतिसाद २
अंबाझरीचं नाव काढू नका भाऊ. जलपर्णी फिनमध्ये (बोर्डाखालच्या पंखात) अडकली की बोर्ड जागेवरच फिरतो. खिंडसीला जा, पण आधी तिथल्या बोटिंगवाल्यांना विचारून, त्यांच्या बोटींच्या वाटेपासून दूर. आणि सकाळी लवकर. उन्हं चढली की वारा सुटतो, आणि उभा माणूस म्हणजे शीडच. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, परतताना थकलेले असता तेव्हा तोच आणून सोडतो. उलट केलं तर काय होतं ते मी भोगलं आहे, दोन तास लागले होते काठ गाठायला. वारा वाढलाच तर गुडघ्यांवर, नाही तर पोटावर झोपून हातांनी वल्हवा. बोर्ड सोडून पोहत निघायचं नाही.

धागाकर्ता
धन्यवाद! एक विचारायचं राहिलं. वल्ह्याचं पातं वाकडं असतं ना, मी ते पळीसारखं आपल्याकडे वळवून धरलं होतं.

प्रतिसाद १
हाहा, उलटं. पात्याचा कल पुढे, बोर्डाच्या टोकाकडे. दिसायला चुकीचं वाटतं, पण पात्याचा जोर तुमच्या पायांपर्यंत टिकतो. लांबी तुमच्या उंचीपेक्षा सहा ते दहा इंच जास्त. लाइफ जॅकेट आणि घोट्याला लीश, म्हणजे बोर्डाला बांधून ठेवणारी दोरी, तलावात गुंडाळीची, ती पाण्यात लोंबत नाही. मात्र कधी वाहत्या नदीत उतरलात तर घोट्याची लीश नको. फांदीत अडकली की पाण्याच्या जोरात पायापर्यंत हात पोचत नाही. तिथे कमरेची, ओढली की सुटणारी.

धागाकर्ता
ठरलं मग. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला निघतोय, खिंडसी. कोणी येणार असेल तर कळवा, पंपाला दोन हात जास्त हवे आहेत. बायको येणार आहे, पण ती म्हणते मी फक्त मोजणार.