हवेत मोटर बंद करण्याची सेटिंग कोणती ठेवावी?

प्रश्न: डीजेआयच्या ड्रोनमध्ये उड्डाणादरम्यान मोटर थांबवण्यासाठी ‘केवळ आणीबाणीत’ आणि ‘कधीही’ असे दोन पर्याय दिसतात. कोणता ठेवावा?

उत्तर १: पहिलाच. त्यात मोटर थांबवण्यासाठी रिमोटवरील दोन्ही स्टिक (नियंत्रणाच्या दांड्या) खालच्या आतील कोपऱ्यांत ओढल्या, तरी टक्कर, अडकलेली मोटर, हवेत गटांगळ्या खाणे किंवा अनियंत्रितपणे वेगाने वर-खाली जाणे असा बिघाड यंत्रणेने ओळखल्यावरच मोटर थांबतात. दुसऱ्यात ही अट नसल्याने चुकूनही ड्रोन कोसळू शकतो.

उत्तर २: सहमत. तथापि ड्रोन माणसांकडे भरकटला आणि बिघाड ओळखलाच गेला नाही, तर ‘कधीही’ उपयोगी ठरेल.

उत्तर १: ठरेल, परंतु मोटर थांबल्यावरही वेगातील ड्रोन पुढे जात जातच पडतो, त्यामुळे निर्णय माणसे दूर असतानाच घ्यावा लागेल.