थम्स अप म्हणे सरकारनं काढलं!

निरगाठ: कालपासून एक पोस्ट फिरतेय: '१९७७ मध्ये जनता सरकारनं कोका-कोलाला हाकललं, थम्स अप काढलं आणि १९९३ मध्ये परतलेल्या कोकनं ते विकत घेऊन मारलं.' किती चुका कराव्यात एका दमात! परकीय भागभांडवल ४० टक्क्यांवर आणायची अट फेरा या परकीय चलन कायद्यातली, आणि तो कायदा १९७३ चा, इंदिराबाईंच्या काळातला. जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिसांनी ती लावून धरली. कोकला आपला फॉर्म्युला हातचा सोडायचा नव्हता, गाशा गुंडाळला. सरकारचा कोला होता डबल सेव्हन, मॉडर्न ब्रेडवाल्या मॉडर्न फूड इंडस्ट्रीजचा. थम्स अप पार्लेच्या चौहानांचं. आणि 'मारलं' म्हणता, त्या मढ्यानं २०२१ मध्ये अब्ज डॉलर विक्रीचा टप्पा गाठला.

गोटीसोडा: सनावळी पाठ आहे, छान. पण कोकनं थम्स अप काही प्रेमापोटी नाही घेतलं. लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा, माझा असा गठ्ठाच उचलला आणि फँटाला जागा हवी म्हणून गोल्ड स्पॉटचा बळी दिला. थम्स अपलाही आधी जाहिरातींविना उपाशीच ठेवलं होतं. आपण मारायचं आणि गिऱ्हाईक पेप्सीनं न्यायचं, हे दिसल्यावर हात आवरला. मारायचा प्रयत्न झाला एवढं तरी माना.

निरगाठ: मानलं, अर्धं. पण खरा सौदा पार्लेच्या बॉटलरांचा, म्हणजे पेय बाटल्यांत भरून विकणाऱ्यांचा होता. साखरपाणी कुणीही कालवेल. बाटल्या धुणारा कारखाना, क्रेट, ट्रक आणि टपरीपर्यंतची फेरी उभी करायला वर्षं जातात, आणि पेप्सी १९९० पासून इथे ठाण मांडून होती. कोक गेल्यावर कॅम्पा कोला कोणी काढला? प्युअर ड्रिंक्सनं, म्हणजे कोकच्याच जुन्या बॉटलरनं. कोला गेला तरी कारखाना जागेवरच होता ना!

गोटीसोडा: म्हणजे चवीला काही किंमतच नाही?

क्राउनवाला: चव चव काय करताय, निम्मी चव वायूची असते. काचेतून वायू जात नाही, प्लॅस्टिकच्या भिंतीतून झिरपतो. त्यातही लहान बाटलीतला वायू आधी जाऊन ती पचकते, कारण आतल्या पेयाच्या मानाने तिची भिंत जास्त.

गोटीसोडा: काचेचं कौतुक पुरे. काचेतही पचक्या बाटल्या निघतात.

क्राउनवाला: तो दोष बुचाचा, काचेचा नाही! क्राउनला, म्हणजे पत्र्याच्या दातेरी बुचाला, २१ दात असतात. आवळल्यावर बाहेरचा व्यास २८.७ मिमीच्या आसपास हवा, गेज, म्हणजे मापाचं कडं, घालून बघतात. ढिलं राहिलं तर वायू गुपचूप निघून जातो, जास्त आवळलं तर बाटलीच्या तोंडाचा टवका उडतो. भरताना पेय कोमट असलं किंवा पाण्यातली हवा आधी काढली नसली, तर फेस उसळून बाटली अपुरी भरते. मग लोक म्हणणार, 'कंपनीनं चव बदलली.'

गोटीसोडा: म्हणून म्हणतो, बूचच नको. कॉडची बाटली, म्हणजे आपली गोटीसोड्याची, १८७२ ची. उलटी धरून भरायची. वायूचा दाबच गोटीला मानेतल्या रबरी कड्यावर बसवतो. कडं झिजलं की बदलायचं. टवका उडालेलं तोंड बदलता का तुम्ही?

क्राउनवाला: आणि त्या चिमटलेल्या मानेतून ब्रश कसा घालता? तळाशी बसलेला गाळ गोटी काढते वाटतं?

गोटीसोडा: ब्रशवर निरुत्तर. खूश?

तिसरीघंटा: अहो, धागा थम्स अपचा आहे, बुचांचा नाही. मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडी या सुळक्याला लोक थम्स अपचा डोंगर म्हणतात. त्या पोस्टवाल्याला विचारा, तोही जनता सरकारनंच काढला का?

निरगाठ: सरकारनं काढला असता तर जनता सरकार जाऊन १९८० मध्ये इंदिराबाई परतल्यावर तोही डबल सेव्हनसारखा दिसेनासा झाला असता.

क्राउनवाला: पाण्यातली हवा न काढता भरला असणार.