जुन्या लोखंडी नळाला नवा पाइप जोडताना : तुमचे अनुभव सांगा

जुन्या नाशकात घराची दुरुस्ती काढली की हे दुखणं हमखास येतं. भिंतीतला पाइप अर्धा इंची, दुकानातून आणलेलाही अर्धा इंची, आणि दोघांचं काही केल्या जमत नाही. भद्रकालीतल्या आमच्या घरी हे काम नुकतंच उरकलं, म्हणून धागा काढतेय.

जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचं माप म्हणजे ढोबळमानाने आतली पोकळी. बाहेरून अर्धा इंची भरतो 21.3 मिमी, पाऊण इंची 26.9, एक इंची 33.7. गरम पाण्याचा सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाइप, मात्र अर्धा इंची असला तरी बाहेरून 15.9 मिमीच असतो. त्यामुळे जोड आट्यांचाच करावा लागतो. व्हर्नियर (बाहेरचं माप घ्यायची पट्टी) नसेल तर गंज आणि रंगाचे पापुद्रे खरवडून पाइपला दोरा गुंडाळा आणि तो मोजा. 67 मिमीच्या आसपास भरला तर अर्धा इंची, 84-85 तर पाऊण, 106 तर एक इंची. आम्ही दुकानात मापाऐवजी कापलेला तुकडाच नेला, दुकानदाराने लगेच ओळखला.

पंचवटीहून : आट्यांबद्दल एक सांगतो. लोखंडी पाइपचे बाहेरचे आटे पाचरीसारखे निमुळते असतात. ते प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये जोर लावून पिळले की सॉकेट उभं तडकतं. आमच्याकडे तडक केसाएवढी बारीक होती. दिवसभर कोरडी, पहाटे पाण्याचा दाब आला की भिंतीला ओल. पितळी आट्यांचा एफटीए (आतून आटे असलेला अडॅप्टर) लावला, ओल थांबली. शेजारी एक युनियनही (उघडता येणारा जोड) टाकून घ्या, पुढे काही झालं तर भिंत फोडावी लागत नाही.

मखमलाबादहून : द्राक्षबागेतला उरलेला पाइप घराला वापरणाऱ्यांसाठी : शेतीचा पीव्हीसी बाहेरून मिमीत मोजतात, 20, 25, 32. घरगुती प्लंबिंगचा एक इंची यूपीव्हीसी (हाही प्लास्टिकचाच) बाहेरून 33.4. फरक दीड मिमीचाही नाही, म्हणून गडी स्टोव्हवर तोंड गरम करून बसवून देतात. असा जोड मोटारीच्या दाबाला टिकत नाही. दोन्हीकडे आट्यांचे अडॅप्टर लावा.

नाशिकरोडहून : हे कृपया सगळ्यांनी वाचा. जुन्या घरांत अर्थिंगची तार बऱ्याचदा पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलेली असते. मध्ये प्लास्टिकचा तुकडा आला की अर्थिंग तुटतं, आणि दिवे-पंखे नेहमीसारखे चालू असल्याने कुणाला पत्ताही लागत नाही. आमच्या गिझरच्या नळाला झिणझिण्या आल्या तेव्हा कळलं. पाइप कापण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून वेगळं अर्थिंग करून घ्या.

सिडकोहून : चिनी मातीच्या जुन्या ड्रेनेज पाइपला 110 मिमीचा पीव्हीसी कुणी जोडलाय का? आमचा मिस्त्री सिमेंट भरू म्हणतोय.

पंचवटीहून : सिमेंटला चीर जाते, दादा, आणि एकदा गळू लागलं की झाडाची मुळं आत शिरतात. दोन्ही टोकांना स्टीलचे क्लॅम्प असलेलं रबरी कपलिंग मागा. दोन्ही पाइपांचं बाहेरचं माप लिहून न्या, दोन वेगळ्या मापांचंही मिळतं.