माळवदाचं राहतं घर: स्लॅब टाकू की दुरुस्ती करू? (सोलापूर)

शुक्रवारपेठ_सून:
मंडळी, काम सुरू झालंय आणि आम्ही घरातच राहतोय, म्हणून लवकर उत्तर हवंय. आमचं चार खणांचं (खांबांमधल्या चार गाळ्यांचं) माळवदाचं घर आहे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत, भिंती दोन फुटी, दगड-मातीच्या. गेल्या पावसाळ्यात मागच्या सोप्यात (ओसरीवजा खोलीत) गळलं. मिस्त्री म्हणतात, सगळं माळवद उतरवा, भिंतींवर सरळ स्लॅब टाकू, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करू, पुन्हा बघायला नको.

सासूबाई ८० च्या पुढच्या. भाड्याच्या खोलीत जायला तयार नाहीत. "बाहेर ४३ असलं तरी मधल्या खोलीत दुपारी झोप लागते, ते घालवू नका गं," एवढंच त्यांचं म्हणणं. मलाही ते घालवायचं नाही, पण गळकं घरही नको. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. आमचे हे पाळीवरून आले की मदत करतात, मी माती चाळते, पाट्या देते. आम्ही स्वतः आणखी काय करू शकतो? आणि स्लॅबचं काय करू?

जुना_ओव्हरसिअर:
ताई, स्लॅबचं आधी थांबवा. माळवदाच्या घरात छताचा बहुतेक भार खांब आणि तुळयांवर असतो. भिंत मुख्यतः आडोशाला उभी असते. खांब काढून स्लॅब त्या भिंतींवर ठेवला, की आजवर कधी न पेललेलं ओझं मातीत बांधलेल्या दगडांवर येतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, त्याचे हादरे आपल्याकडेही बसले होते. तिकडच्या गावांत दगड-मातीच्या भिंती ढासळल्या आणि माणसं त्याखाली गेली. त्यानंतर जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठी सांगितलं गेलं ते साधं होतं: छतावरची जादा माती कमी करा, खांब-तुळईच्या सांध्यांना तिरके लाकडी टेकू द्या, भिंतीत आरपार लांब दगड घाला. मी आजही तेच सांगतो.

जादा माती म्हणजे किती, तेही बघा. दरवर्षी मृगाच्या आधी एक थर चढवायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या चालतं. एक घनफूट मातीचं वजन ४५-५० किलो धरा. दहा बाय बाराच्या खोलीवर फूटभर थर असेल तर पाच टनांच्या वर ओझं झालं. वरचे जुने थर उतरवले तरी तुळयांना मोकळा श्वास मिळेल, आणि सासूबाईंच्या गारव्यापुरती माती शिल्लक राहील.

उतरवताना एका कडेने खणत जायचं नाही. सगळ्या खणांवरून पातळ पातळ थर सारखा काढायचा. काढलेली माती शेजारच्या खणावर रचायची नाही, लगेच खाली पोत्यांत. त्या वेळी खाली कोणी बसता कामा नये, पाणी प्यायलासुद्धा नाही.

तुमच्या हातचं काम सांगतो. माती उतरल्यावर प्रत्येक तुळईचं टोक, भिंतीत शिरतं तिथं, हातोडीने ठोकून बघा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ वाटलं तर स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. आत शिरला तर वाळवी किंवा कूज आहे. हे काम मिस्त्री घाईत करत नाहीत, घरचं माणूस नीट करतं.

सिमेंटचा गिलावा मात्र नकोच. मातीच्या भिंतीत ओल येते आणि जाते, सिमेंट ती आतच कोंडतं. मग माती भुसभुशीत होते आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. दरजा (दगडांमधल्या फटी) उकरून चुना-वाळूत भरून घ्या.

बाळीवेस_वहिनी:
राहण्याचं मी सांगते, आम्ही गेल्या उन्हाळ्यात असंच काढलं. एक खोली ठरवून तिथं एकही पाटी नेऊ देऊ नका, दाराला जाड चादर ओली करून लावा. सासूबाई तिथंच. चूल-गॅस अंगणात हलवा. कडक भाकऱ्या करून ठेवल्या, शेंगाचटणी डब्यात असली, की दुपारचं जेवण धुळीत शिजवावं लागत नाही.

पाण्याचं आधी ठरवा. प्यायचे पिंप वेगळे, त्याला गवंडी हात लावणार नाही. कामाचं पाणी दुसऱ्या बॅरलमध्ये, भांडी विसळलेलं साठवून तेच जमिनीवर शिंपडायला.

जुना_ओव्हरसिअर:
वहिनींचं बरोबर. फक्त ते विसळलेलं पाणी चुन्यात किंवा काँक्रीटमध्ये नको, साबण असतो. नवा भाग, म्हणजे मोरीचा कट्टा वगैरे काँक्रीटचा केलात तर आपल्या उन्हात किमान १० दिवस ओला ठेवा. गोणपाट भिजवून अंथरलं की पाणी कमी लागतं. नळ येण्याच्या आदल्या दिवशी ओतकाम काढू नका, आल्यावर काढा.

शुक्रवारपेठ_सून:
काका, काल ठोकून बघितलं. पुढच्या सगळ्या तुळया भरीव. मागच्या सोप्यातल्या दोन टोकांत स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला. दोन्ही पन्हाळीच्या (छताचं पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीच्या) बाजूची. पन्हाळ भिंतीला अगदी चिकटून संपते. मिस्त्री म्हणायलेत, म्हणूनच स्लॅब टाका.

जुना_ओव्हरसिअर:
मग गळतीचं मूळ सापडलं की! पाणी माळवदातून नाही आलं, पन्हाळीतून भिंतीत उतरलं. पन्हाळ पुढे काढा, पाणी भिंतीपासून हातभर लांब पडेल इतकी. माळवदाचा उतारही तिकडेच पडतोय का, दोरी धरून पाहा. कुजलेली टोकं असलेल्या तुळयांना, लाकूड भरीव लागतं तिथं, खालून दगडी तळखड्यावर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर) नवा खांब द्या, मगच कुजलेला भाग कापा. खांब बसेपर्यंत त्या सोप्यात कोणी झोपू नका. मिस्त्रींना सांगा, दोन खांब आणि एक पन्हाळ, एवढ्याचा हिशोब आधी द्या.