ओक पार्कला 'व्हिलेज' का म्हणतात? आणि हे गाव एवढं मिक्स कसं काय? (शिकागो)

लूपचा_प्रवासी
नमस्कार मंडळी. आम्ही लाँबार्डला राहतो, मी रोज मेट्राच्या (इथली उपनगरी रेल्वे) यूपी वेस्ट लाईनने शिकागोत ऑगिल्व्ही स्टेशनला जातो. ओक पार्क स्टेशन रोज खिडकीतून बघायचो पण कधी उतरलो नव्हतो, मागच्या शनिवारी बायको म्हणाली चल आज उतरूया, तर उतरलो आणि दिवसभर भटकलो. दोन-तीन गोष्टी डोक्यातून जाईनात म्हणून इथे विचारतोय. एक, पन्नास हजारांवर वस्ती, शिकागोला चिकटून, लोकल दाराशी, आणि पाटीवर 'व्हिलेज ऑफ ओक पार्क', हे काय प्रकरण आहे? दोन, लायब्ररीत, बागेत, कॉफीच्या दुकानात गोरे, ब्लॅक, एशियन सगळे एकत्र दिसले, आमच्या बाजूच्या सबर्ब्समध्ये असं सहसा दिसत नाही. तीन, चालत चालत पूर्वेला ऑस्टिन बुलेव्हार्डपर्यंत गेलो आणि रस्ता ओलांडला तर चित्र एकदम पालटलं, घरं तशीच विटांची, झाडं तशीच, पण मधेमधे रिकामे प्लॉट, बंद दुकानं. एका रस्त्याने एवढा फरक? कोणी जुनंजाणतं असेल तर सांगा ना. फ्रँक लॉइड राइट आणि हेमिंग्वे मला माहितीयेत, त्यांच्याबद्दल नको, ते सगळीकडे मिळतं.

रूळवेडा
अरे वा, माझ्या आवडीचा विषय काढलात. व्हिलेजचं आधी उरकतो, इलिनॉयमध्ये व्हिलेज म्हणजे खेडं नव्हे, तो कायद्यातला एक प्रकार आहे, मेयरऐवजी व्हिलेज प्रेसिडेंट आणि ट्रस्टींचं बोर्ड. शॉमबर्ग पण व्हिलेजच आहे, सत्तर हजारांच्या वर लोक. त्यामुळे त्यात फार रमू नका.

खरी मजा तुम्ही रोज बसता त्या रुळात आहे. तुमची लाईन म्हणजे शिकागोची पहिली रेल्वे, गॅलिना अँड शिकागो युनियन. १८४८ च्या ऑक्टोबरमध्ये 'पायोनिअर' नावाचं इंजिन याच मार्गावर पश्चिमेकडे निघालं, तेही सेकंडहँड बरं का, दुसऱ्या कंपनीने वापरून झालेलं. आज ते शिकागो हिस्टरी म्युझियममध्ये उभं आहे, जाऊन बघा. गंमत म्हणजे गॅलिनाच्या शिशाच्या खाणींपर्यंत जायचं म्हणून कंपनीचं नाव तसं, आणि कंपनी गॅलिनाला कधी पोचलीच नाही. १८६४ ला ती शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नमध्ये विलीन झाली आणि ती १९९५ ला युनियन पॅसिफिकमध्ये, म्हणून तुमच्या लाईनच्या नावात यूपी.

अजून एक, तुमच्या लक्षात आलंय का की तुमची गाडी डावीकडून धावते? अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उजवीकडून. आधी एकच रूळ होता आणि स्टेशनच्या इमारती त्याच्या एका बाजूला बांधलेल्या, दुसरा रूळ पलीकडे पडला. शहरात जाणारी माणसं थंडीत इमारतीत बसून गाडीची वाट बघणार, मग शहराकडची गाडी इमारतीच्याच बाजूने न्यायची म्हणून डावीकडे. निदान असं कारण देतात. आपल्याला काय, मुंबईची सवय, माझ्या तर दोन वर्षं हे लक्षातच आलं नव्हतं 😄

गाव वाढलं ते १८७१ च्या शिकागोच्या आगीनंतर. त्याआधी इथे केटलस्ट्रिंग्ज नावाचा यॉर्कशायरहून आलेला माणूस प्रवाशांसाठी खाणावळ चालवायचा, मग जमीन तुकड्या-तुकड्याने विकायला लागला. गावाला तेव्हा ओक रिज म्हणायचे पण पोस्टाच्या यादीत त्या नावाचं दुसरं गाव आधीच होतं, म्हणून ओक पार्क.

आणि रस्त्यापलीकडच्या ऑस्टिनचा, म्हणजे आज शिकागोत असलेल्या त्या भागाचा, किस्सा ऐका. ऑस्टिन आणि ओक पार्क दोन्ही आधी एकाच सिसेरो टाउनशिपमध्ये होते. ऑस्टिनवाल्यांचं टाउनशिपमध्ये वजन जास्त, त्यांनी लेक स्ट्रीटची एल, म्हणजे शिकागोची शहरी लोकल, आपल्या भागात आणून घेतली. बाकीच्यांना राग आला, आणि १८९९ मध्ये सगळ्या टाउनशिपने मतदान करून ऑस्टिनच शिकागोला देऊन टाकलं! ऑस्टिनच्या लोकांची इच्छा नसताना. मग १९०२ मध्ये ओक पार्क स्वतःचं व्हिलेज झालं. तुम्ही ओलांडलेला रस्ता म्हणजे ती मतदानाची रेघ.

ओकपार्कची_काकू
रूळवेडा, छान लिहिलंत हो. पण रेघ मतदानाने आखली तरी पुढची साठेक वर्षं दोन्हीकडे गोरेच होते, तेव्हा फरक तिथून आलेला नाही. आम्ही १९८६ पासून इथे आहोत, आधी भाड्याने आणि मग घर, त्यामुळे थोडं मी सांगते, लांबलं तर सांभाळून घ्या.

हे गाव पहिल्यापासून मिक्स होतं अशी समजूत करून घेऊ नका. १९७० च्या जनगणनेत बासष्ट हजार वस्ती आणि त्यात ब्लॅक माणसं दीडशे पण नव्हती. त्याआधी एक छोटी वस्ती होती, डाउनटाउनजवळ वेस्टगेटला १९०५ मध्ये माउंट कार्मेल नावाचं ब्लॅक लोकांचं बाप्टिस्ट चर्चही झालं होतं, बरेचसे घरकाम करणारे, गाड्या चालवणारे लोक. मग तिथे दुकानं वाढली आणि ती वस्ती विरून गेली. आज तिथून जाताना कोणाला पत्ताही लागत नाही.

मग डॉक्टर पर्सी ज्युलियन. केमिस्ट, हार्वर्डला एम.ए., पण पीएचडीसाठी व्हिएन्नाला जावं लागलं. सोयाबीनपासून हॉर्मोन्स बनवणारा माणूस, संधिवातासाठी कॉर्टिसोन लोकांना परवडायला लागलं त्यात त्याचा मोठा हात. १९५० मध्ये त्याने ईस्ट अव्हेन्यूला मोठं घर घेतलं. राहायला यायच्या आधीच थँक्सगिव्हिंगच्या दिवशी कोणीतरी घरात पेट्रोल ओतून आग लावायचा प्रयत्न केला. पुढच्या जूनमध्ये चालत्या गाडीतून डायनामाइट फेकला, आईवडील बाहेरगावी आणि पोरं घरात. कुटुंब हललं नाही. बापलेक रात्री बंदूक घेऊन पहारा द्यायचे. शेजाऱ्यांपैकी बऱ्याच लोकांनी त्यांना पाठिंबा दिला, हेही सांगायला हवं. आज इथल्या एका मिडल स्कूलला त्याचं नाव आहे, माझी धाकटी त्याच शाळेत होती.

आता ऑस्टिन. साठच्या दशकात तिथे ब्रोकर लोक घरोघरी फिरून गोऱ्यांना घाबरवायचे, 'पलीकडच्या ब्लॉकवर ब्लॅक फॅमिली आली, आत्ताच विका नाहीतर भाव पडेल'. लोक स्वस्तात विकून पळायचे, तेच घर ब्लॅक कुटुंबाला चढ्या भावाने. १९६० ला जवळपास पूर्ण गोरा असलेला भाग १९८० ला तीन चतुर्थांश ब्लॅक झाला. मागोमाग कारखाने गेले, बँका गेल्या, कर्ज मिळेना. तुम्ही पाहिलेले रिकामे प्लॉट त्यातले.

ओक पार्कवाल्यांना हे रस्त्यापलीकडे रोज दिसत होतं. सगळ्यांना वाटायचं पुढचा नंबर आपला. काही लोकांनी ठरवलं की पळायचंही नाही आणि कोणाला अडवायचंही नाही. १९६८ च्या मे महिन्यात व्हिलेज बोर्डाने फेअर हाउसिंगचा नियम पास केला, घर विकताना-भाड्याने देताना रंग बघायचा नाही. १९७२ मध्ये रॉबर्टा रेमंड नावाच्या बाईने हाउसिंग सेंटर सुरू केलं. आम्ही भाड्याचं घर शोधायला तिथेच गेलो होतो, तिथल्या बाईने आम्हाला गावाच्या सगळ्या बाजूंची घरं दाखवली, आम्हाला आपलं स्टेशनजवळ हवं होतं एवढंच 😅 मागाहून कळलं की ते गोऱ्या लोकांना मुद्दाम पूर्वेची, ऑस्टिनजवळची घरं दाखवायचे आणि ब्लॅक लोकांना बाकीच्या भागातली, म्हणजे एकाच बाजूला एकच रंग साचू नये.

सगळ्यात भारी दोन गोष्टी. एक, दारात 'फॉर सेल'ची पाटी लावायला बंदी घातली, पाट्या बघून घबराट पसरते म्हणून. १९७७ ला सुप्रीम कोर्टाने न्यू जर्सीच्या दुसऱ्या एका गावाच्या केसमध्ये असली बंदी बेकायदा ठरवली, तरी त्यानंतरही वर्षानुवर्षं इथले एजंट आपणहून पाट्या लावत नसत. दोन, त्याच सुमाराला व्हिलेजने घराच्या किमतीचा विमाच काढला म्हणा ना, पाच वर्षं राहा, मग विकताना किंमत पडली तर नुकसानीचे ऐंशी टक्के व्हिलेज देणार. क्लेम द्यायची वेळच आली नाही असं सांगतात. लोकांना पैसे नकोच होते हो, भीती जायला हवी होती.

आणि नवं व्हिलेज हॉल १९७५ मध्ये मुद्दाम मॅडिसन रस्त्यावर पूर्वेकडे बांधलं, ऑस्टिनच्या बाजूला. आम्ही इथून हलत नाही हे दाखवायला.

शंकेखोर
काकू, आदर आहेच पण थोडी दुसरी बाजू पण येऊ द्या. ब्लॅक कुटुंबाला 'तू इथे नको, तिकडे घर बघ' म्हणणं, हेतू कितीही चांगला असला तरी रंग बघूनच झालं ना? यावर तेव्हापासून वाद आहे. दुसरं म्हणजे पूर्वेला बघा, ऑस्टिन बुलेव्हार्डजवळ कितीतरी रस्त्यांना अडथळे आणि कलडसॅक (पुढे बंद केलेले रस्ते) आहेत, गाडी सरळ जाऊच शकत नाही. ट्रॅफिक कमी करायला म्हणतात, पलीकडच्या लोकांना काय वाटत असेल ते विचारा. आणि हायस्कूलमध्ये ऑनर्सच्या (वरच्या पातळीच्या) वर्गात गोरी पोरं जास्त आणि बाकीच्या वर्गात ब्लॅक जास्त हा प्रश्न गावातले लोकच वर्षानुवर्षं मांडतायत. एका बागेत दिसणं वेगळं आणि एका वर्गात बसणं वेगळं. प्रॉपर्टी टॅक्सबद्दल तर बोलतच नाही, माझा मित्र त्या टॅक्सपायी शेजारच्या बर्विनला गेला.

ओकपार्कची_काकू
शंकेखोर, कलडसॅकचं खरं आहे, मलाही ते कधी पटलं नाही. शाळेचंही खरं आहे, माझ्या मोठीच्या ऑनर्सच्या वर्गात दोनच ब्लॅक मुलं होती. घरं दाखवण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं. काहीच केलं नसतं तर निवड ब्रोकरने केली असती, आणि ती कशी केली असती ते ऑस्टिनमध्ये दिसलंच. पण हे मी बाहेरून आलेली बाई म्हणतेय, ज्या ब्लॅक कुटुंबाला एखादं घर दाखवलंच नाही त्यांचं मत वेगळं असणार, त्यांना ते असायलाच पाहिजे.

रूळवेडा
एक राहिलं. १९६२ पर्यंत लेक स्ट्रीटची एल ओक पार्कमध्ये चक्क जमिनीवरून धावायची, रस्त्यारस्त्याला फाटक, आणि लारामी रस्त्याच्या पश्चिमेला थर्ड रेल, म्हणजे रुळांशेजारचा विजेचा तिसरा रूळ, सोडून वरच्या तारेवरून वीज घ्यायची. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिला तुमच्या मेट्राच्या बांधावर उचलून ठेवली, म्हणून आता ग्रीन लाईन (त्याच एलचं आजचं नाव) आणि मेट्रा शेजारी-शेजारी धावतात. आणि दक्षिणेला आयझेनहॉवर एक्सप्रेसवेने गावाचा तुकडा पाडला ते तर वेगळंच दुखणं. तिथे हार्लेम (गावाच्या पश्चिम कडेचा रस्ता) आणि ऑस्टिनचे रॅम्प डाव्या हाताला आहेत, जागा कमी जावी म्हणून. गाडी चालवताना शिव्या देता ना, त्या तिथे.

राइटबद्दल नको म्हणालात तरी एकच. त्याने बांधलेल्या इथल्या युनिटी टेंपल या चर्चच्या भिंती रस्त्याच्या बाजूने अशा बंद-बंद का? लेक स्ट्रीटवर ट्रामचा खडखडाट, आत प्रवचन ऐकू यायला हवं, म्हणून खालच्या बाजूला खिडक्याच नाहीत, उजेड वरून. रुळांनी देवळाचा आकार ठरवला असं समजा.

लूपचा_प्रवासी
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. काकू, ईस्ट अव्हेन्यूचं ते घर बाहेरून बघता येतं का? आणि एक भाबडा प्रश्न, गावात बार फारसे दिसले नाहीत, हार्लेम ओलांडून फॉरेस्ट पार्कमध्ये मात्र मॅडिसनवर रांगच रांग, ते का?

ओकपार्कची_काकू
घर रस्त्यावरून दिसतं, पण तिथे लोक राहतात, तेव्हा फुटपाथवरूनच बघा, फोटोसाठी पायऱ्या चढू नका. बारचं म्हणाल तर ओक पार्क शंभर वर्षं कोरडं होतं, १९७० च्या दशकात कुठे दारूला परवानगी मिळाली. तोपर्यंत सगळे तहानलेले हार्लेम ओलांडून जायचे, आणि ती सवय अजून सुटलेली नाही. आमच्या यांचीही 🙂