जिवंत कीटकांसाठी फोकस स्टॅकिंग हवंच का?

षट्पाद
माझं ठाम मत: १:१ च्या (सेन्सरवरची प्रतिमा कीटकाच्या खऱ्या आकाराएवढी) पुढे गेलात की स्टॅकिंगला, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत काढलेल्या फ्रेम जोडून एक शार्प फोटो करण्याला, पर्याय नाही. फुलफ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) २:१ ला लेन्सचं छिद्र एफ/५.६ ठेवलं (हा आकडा वाढला की छिद्र बारीक) तर शार्प पट्टा पाव मिलिमीटरचा. माशीचा डोळा साधला की स्पर्शिका गेल्या. "अ‍ॅपर्चर बारीक करा" म्हणणाऱ्यांनी प्रभावी अ‍ॅपर्चर (इतक्या जवळून टिपताना छिद्र प्रत्यक्षात ज्या एफ-आकड्याइतकं वागतं तो) काढून बघावं: २:१ ला लेन्सवरचा आकडा गुणिले ३. एफ/१६ चं एफ/४८ होतं आणि डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) संयुक्त डोळ्यातल्या षटकोनी खणांच्या कडा विरघळतात. (काही कॅमेरे थेट प्रभावी आकडाच दाखवतात, ते आधी तपासा.) त्यापेक्षा एफ/५.६ वरच राहा. डोक्याची खोली ३ मिमी आणि दोन फ्रेममधला फोकसचा टप्पा ०.१८ मिमी धरला, म्हणजे साधारण ३० टक्के ओव्हरलॅप, तर १७-१८ फ्रेममध्ये काम होतं.

भिंगधर
हिशोब बरोबर, पण त्यात कीटक दगडासारखा बसलाय असं गृहीत धरलंय. सेकंदाला १० फ्रेम धरल्या तरी १८ फ्रेमना जवळपास दोन सेकंद लागतात. तेवढ्यात गांधीलमाशीचं पोट श्वासाबरोबर आतबाहेर होतं, स्पर्शिका हलतात आणि स्टॅकमध्ये एका मिशीच्या तीन मिशा उमटतात. फ्लॅश रीसायकलला (पुन्हा चार्ज व्हायला) मागे पडला की मधल्या फ्रेम काळ्या.

त्यापेक्षा कोन सुधारा. टाचणी (चतुरासारखा सडपातळ कीटक) आडवी घ्या, सेन्सर तिच्या अंगाला समांतर. ०.५:१ ला एफ/११ वर सुमारे ४ मिमी शार्प मिळतं; डोळ्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकाच फ्रेममध्ये.

षट्पाद
आडवी टाचणी मान्य. पण समोरून चेहरा हवा असेल तर? तिथे कोन बदलून काही साधत नाही. हालचालीचं म्हणाल, तर पहाटे जा. अंगावर दव असेपर्यंत कीटक गारठलेले असतात, जागचे हलत नाहीत. काडी क्लॅम्पने धरा. फ्लॅश १/१६ किंवा त्याहून कमी ताकदीवर ठेवा. रीसायकलही झटपट होतं आणि चमक इतकी अल्पकाळ टिकते की बारीक थरथर गोठते.

कडानिरीक्षक
दोघांनीही सॉफ्टवेअरचा विषय सोडलाय, आणि निम्मे स्टॅक बिघडतात ते तिथेच. झिरीन स्टॅकर या फ्रेम जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन पद्धती आहेत: पीमॅक्स एकमेकांवरून जाणारे केस नीट वेगळे ठेवतं, पण नॉईज आणि कॉन्ट्रास्ट वाढवतं. डीमॅप रंग आणि पोत खरे ठेवतं, मात्र केसांभोवती धूसर हेलो (वलय) सोडतं. म्हणून दोन्ही काढायचे, डीमॅपचा आधार घ्यायचा आणि जिथे केस ओलांडतात तेवढीच जागा पीमॅक्समधून रिटच करायची. हललेली मिशीही तशीच: एक फ्रेम निवडा, तिच्यातूनच ती पूर्ण रंगवा.

भिंगधर
रिटचने मिशी सुटेल, पण हातात धरून १८ फ्रेम काढल्या तर पार्श्वभूमीचं पानही सरकतं, ते कुठवर रंगवणार? जिवंत कीटकासाठी माझी मर्यादा सहा फ्रेम: डोळ्यांच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत, बाकीचं धूसर राहू दे. आणि फ्रीजमध्ये गारठवलेला किंवा मेलेला कीटक असेल तर फोटोखाली तसं लिहावं. "पहाटेचं दव" म्हणून असे नमुने खपवले जातात, ते मला अजिबात पटत नाही.

षट्पाद
शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. सहा फ्रेमची मर्यादा मात्र नाही. २:१ ला त्यात जेमतेम एक मिलिमीटर येतो, म्हणजे डोळा आला तरी तोंडाचे अवयव सुटतात.